परक्या नाटकांची मराठी दारे

(द्वितीय वर्ष, कला)

जागतिक वाङ्मय म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक धाक उभा राहतो. शेक्सपिअर, मोलिएर, इब्सेन, दोस्तोयेव्हस्की ही नावे उत्तरपत्रिकेत लिहिण्यासाठी असतात, वाचण्यासाठी नसतात, अशी आपली समजूत होऊन बसलेली असते. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, ज्यांचे शिक्षण इंग्रजीतून झाले आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तके. आपण आपला नेमलेला अभ्यास पुरा करावा आणि पदवी घेऊन बाहेर पडावे! या समजुतीत खरे किती आणि नुसती भीती किती, हे पाहावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. युरोपातील उत्तमोत्तम नाटकांपैकी कितीतरी नाटके फार पूर्वीच मराठीत येऊन राहिली आहेत. त्यांतील काही आपण पाहिलेली असतात, काहींची पदे आपण रेडिओवर ऐकलेली असतात. फक्त ती मुळात कोठली, हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा मराठी रूपापासून आरंभ करावा आणि तेथून मूळ कृतीकडे जावे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. जेथे दोहोंत फरक पडतो, तेथे थांबावे. कारण नेमका तेथेच आपला समाज दिसू लागतो. इंग्रजीतून वाचणाऱ्याला एकच नाटक मिळते, मराठी वाचकाला दोन मिळतात. हा तोटा नसून लाभ आहे.

भाषांतर, रूपांतर आणि छाया

परकी कृती मराठीत येते तेव्हा ती तीन प्रकारे येते. पहिला प्रकार भाषांतराचा. पात्रांची नावे, देश, चालीरीती मुळातल्याच ठेवायच्या आणि भाषा तेवढी बदलायची. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ (1974) किंवा पु. ल. देशपांडे यांचा ‘राजा ओयदिपौस’ (1979) ही या प्रकारची उदाहरणे. दुसरा प्रकार रूपांतराचा. यात कथानक मुळातले, पण माणसे, गावे, नाती सारी इथली. तिसऱ्या प्रकारात मूळ कृतीची फक्त छाया असते. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) राज्य नाही, राजा नाही, पण आपले सर्वस्व मुलांना वाटून टाकून उघड्यावर पडलेला म्हातारा बाप आहे. लिअर राजा माहीत असणाऱ्याला अप्पा बेलवलकरांच्या मागे त्याची सावली दिसल्यावाचून राहत नाही. तरी ‘नटसम्राट’ हे शिरवाडकरांचे स्वतंत्र नाटक आहे.

या परंपरेचा आरंभकाळ पाहिला तर एक विलक्षण नाव समोर येते. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. अत्यंत गरिबीत, मिळेल ते काम करून ते शिकले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. त्या तुरुंगवासातही ते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी रूप सिद्ध करीत होते. तेच ‘विकारविलसित’ या नावाने 1883 साली प्रसिद्ध झाले आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजविली. शेक्सपिअर मराठीत आणणारा हा माणूस संपन्न ग्रंथालयात बसून काम करीत नव्हता, एवढे आपण लक्षात ठेवले तरी अर्धी भीती नाहीशी व्हावी.

मोलिएर आणि फाल्गुनराव

सुखात्मिकांपासून सुरुवात करणे सोपे. हसता हसता वाचन पुढे सरकते. युरोपीय सुखात्मिकेत मोलिएरचे स्थान फार वरचे. त्याचा काळ लक्षात ठेवायला आपल्याला सोपा आहे. त्याचा जन्म 1622 चा, मृत्यू 1673 चा; म्हणजे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होण्याच्या आदल्या वर्षी तो वारला. राजवाड्याला गाद्या-पडदे पुरविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. वडिलांचा धंदा सोडून तो नट झाला आणि पुष्कळ वर्षे मंडळी घेऊन गावोगाव हिंडला. शेवटचे नाटक लिहिले ते आपण आजारी आहोत अशी कल्पना करून घेणाऱ्या माणसाचे. त्यात तो स्वतःच रोग्याचे काम करीत असे. त्याच नाटकाच्या चौथ्या प्रयोगानंतर काही तासांतच त्याचा अंत झाला.

मोलिएरने 1660 साली एक छोटे प्रहसन लिहिले. एक तरुणी रस्त्यात मूर्च्छित पडते आणि तिच्या हातातली प्रियकराची तसबीर खाली पडते. तिला सावरायला गेलेल्या गृहस्थाला त्याची बायको खिडकीतून पाहते आणि संशय घेते. पुढे ती तसबीर बायकोच्या हाती लागते, आणि ते पाहून नवरा संशय घेतो. मग त्या तरुणीला आणि तिच्या प्रियकरालाही एकमेकांचा संशय येऊ लागतो. कोणीही काहीही केलेले नाही, तरी चौघेही जळत आहेत! या प्रहसनाच्या आधारे आर्थर मर्फी या लेखकाने 1761 साली इंग्रजीत पाच अंकी नाटक रचले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले आणि पुढे त्यातूनच ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. 1916 साली ते गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पॅरिस, लंडन आणि मग महाराष्ट्र असा हा प्रवास आहे.

आता दोन्ही नाटके शेजारी ठेवा. मोलिएरची तरुणी ही एका सुखवस्तू व्यापारी घरातली, बापाच्या धाकात असलेली मुलगी. देवलांची रेवती ही मात्र नायकिणीची मुलगी आहे. हा बदल देवलांना का करावा लागला असेल? त्या काळच्या मराठी पांढरपेशा घरातील अविवाहित मुलगी आपल्या प्रियकराची तसबीर घेऊन एकटी रस्त्याने जाणे शक्यच नव्हते. मुलींची लग्ने खेळण्याच्या वयात होत. प्रेम करायला, रुसायला आणि ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही’ असे पुरुषाला तोंडावर सांगायला मोकळी अशी तरुणी रंगभूमीवर दाखवायची, तर ती गाणाऱ्या बाईच्या घरातूनच आणावी लागली. त्यामुळे नाटकाला गाण्यांची सोय झाली, हे खरे. पण आणखीही एक गोष्ट झाली. अश्विनशेठचा संशय हा नुसता विनोद राहिला नाही. नायकिणीच्या मुलीवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यात येऊन बसला, आणि देवलांनी तिचा प्रामाणिकपणा खरा ठरवून तिला लग्नाचा मान दिला. मोलिएरच्या प्रहसनात हा प्रश्न नव्हताच. तो मराठी समाजातून आला. रूपांतर म्हणजे उसनवारी, असे म्हणणाऱ्यांनी एवढा एकच बदल तपासून पाहावा.

मोलिएरची इतर नाटकेही मराठीत निरनिराळ्या वेशांत आली. बायकोने सूड म्हणून ‘हा मोठा वैद्य आहे, पण मार खाल्ल्याशिवाय कबूल करीत नाही’ असे सांगितल्यामुळे एका लाकूडतोड्याला वैद्य व्हावे लागते, ती गंमत हरि नारायण आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबुवा’मध्ये आणली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिणाऱ्या गंभीर कादंबरीकाराला हे प्रहसन आणावेसे वाटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ हे मोलिएरच्या कंजूष म्हाताऱ्यावर (1668) बेतलेले आहे. मूळ नाटकातला एक प्रसंग मराठी वाचकाला फ्रेंच वाचकापेक्षाही लवकर समजेल. बाप आपल्या तरुण मुलीला एका वयस्क गृहस्थाच्या गळ्यात बांधू पाहतो. वयाचे अंतर, मुलीची इच्छा, पुढचे आयुष्य, असे कितीही मुद्दे पुढे आले तरी तो एकाच गोष्टीवर अडून बसतो: हा मनुष्य हुंडा मागत नाही! आपण हसतो, आणि हसता हसता आपल्याच नात्यातले दोन-चार चेहरे डोळ्यांसमोरून जातात.

‘तार्तुफ’ हे मोलिएरचे नाटक तर धर्माचे ढोंग करून सज्जनाचे घर लुटणाऱ्या बुवाचे आहे. 1664 साली ते लिहिले गेले, पण धर्ममार्तंडांच्या विरोधामुळे बंदी आली आणि उघड प्रयोगाला पुरती मोकळीक मिळायला 1669 साल उजाडावे लागले. ज्या महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला 2013 साल उजाडले, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे नाटक परके वाटण्याचे कारण नाही.

तपासणीची भीती

गोगोल या रशियन लेखकाचे ‘इन्स्पेक्टर’ हे नाटक 1836 साली रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी 1952 साली त्याचे ‘अंमलदार’ केले. कथानक अगदी साधे आहे. एका आडगावी बातमी येते की राजधानीहून वेष पालटून मोठा अधिकारी तपासणीला येणार. सगळ्यांचे धाबे दणाणते, कारण प्रत्येकाने काही ना काही खाल्लेले आहे. त्याच सुमारास खानावळीत पैसे थकवून पडलेला एक फटिंग कारकून त्यांना सापडतो, आणि हाच तो अधिकारी अशी सर्वांची खात्री पटते. त्याला मेजवान्या, ‘उसने’ पैसे, मुलगीसुद्धा!

या नाटकातले बारकावे मुळातून वाचण्यासारखे आहेत. न्यायाधीशाच्या कचेरीच्या पुढच्या दालनात पहारेकऱ्यांनी हंस पाळले आहेत, ते आता हलवायचे. इस्पितळातल्या रोग्यांना स्वच्छ टोप्या घालायच्या. पोस्टमास्तर लोकांची पत्रे फोडून वाचतो, आणि शेवटी त्याच्या या खोडीमुळेच खरे काय ते उघडकीस येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जो शिकला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. साहेब येणार म्हटले की भिंतींना चुना लागतो, नकाशे झटकले जातात आणि हजेरीपट अद्ययावत होतो. झारच्या रशियातील गाव आणि आपला तालुका यांत अंतर फार नाही.

गोगोलच्या नाटकात एकही सज्जन पात्र नाही, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. त्यावर त्याचे उत्तर असे होते, की त्यात एक प्रामाणिक पात्र आहे आणि ते म्हणजे हसू. चांगल्या सुखात्मिकेचे मर्म यात आले. ती कोणाला शिक्षा देत नाही, पण भ्रष्ट माणसाला निर्धास्त राहू देत नाही.

नोराचे दार

आता गंभीर नाटकाकडे वळू. हेन्रिक इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचे ‘बाहुलीचे घर’ हे नाटक 21 डिसेंबर 1879 रोजी कोपनहेगन येथे प्रथम रंगभूमीवर आले. नोरा ही तीन मुलांची आई. नवरा आजारी असताना त्याला हवापालटासाठी दक्षिणेकडे नेण्याकरिता तिने गुपचूप कर्ज काढलेले असते. त्या काळी नवऱ्याच्या संमतीशिवाय बाईला कर्ज मिळत नसे, म्हणून कागदावर तिने वडिलांची सही स्वतःच केलेली असते. वर्षानुवर्षे पै पै वाचवून ती ते फेडीत असते. ही गोष्ट उघडकीस येते तेव्हा नवऱ्याला आठवते ती स्वतःची अब्रू. जिने आपला प्राण वाचविला तिला तो गुन्हेगार ठरवितो, आणि संकट टळल्याबरोबर लगेच क्षमा करायला तयार होतो. त्या क्षमेनेच नोराचे डोळे उघडतात. ती घर सोडते आणि दार लागल्याच्या आवाजावर नाटक संपते.

या शेवटाने सारा युरोप हादरला. जर्मनीत एका प्रख्यात अभिनेत्रीने हा शेवट करण्यास नकार दिला. दुसऱ्या कोणी नाटकाची मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नाइलाजाने दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांना पाहून उंबरठ्यावरच कोसळते आणि घरात राहते. स्वतः इब्सेनला हा बदल नाटकावरचा अत्याचारच वाटत होता. म्हणजे रूपांतरात शेवट ‘सोसेल असा’ करण्याची ओढ ही केवळ आपल्याकडची नव्हे!

नोरा ही परकी बाई, तिचे प्रश्न पाश्चात्त्यांचे, असे कोणी म्हणेल. पण इब्सेनच्या नाटकानंतर पाचच वर्षांनी, 1884 साली, मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातील नवऱ्याकडे नांदायला जाण्यास या मराठी तरुणीने नकार दिला. 1887 साली न्यायालयाने नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी इकडे परत येऊन जन्मभर रुग्णसेवा केली. इब्सेनची नोरा दाराबाहेर पडल्यावर कोठे गेली, ते नाटकात नाही. रखमाबाई कोठे गेल्या, ते मात्र आपल्याला माहीत आहे.

मराठी रंगभूमीवर हे वारे आले ते ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेच्या द्वारे. श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ 1 जुलै 1933 रोजी मुंबईत झाले. ते ब्यर्न्सन या दुसऱ्या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर आधारलेले होते. मुलीच्या शीलाची चौकशी करणारा समाज मुलाच्या शीलाची चौकशी का करीत नाही, हा त्यातला प्रश्न. ज्योत्स्ना भोळे यांनी त्यात नायिकेचे काम केले. पुरुषांनी लुगडी नेसून स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात हा प्रश्न प्रत्यक्ष स्त्रीच्या तोंडून विचारला गेला, याचे महत्त्व मोठे आहे. पुढे अनंत काणेकरांनी ‘बाहुलीच्या घरा’चे ‘घरकुल’ (1941) केले. इब्सेनचे नाटक वाचून झाल्यावर ‘घरकुल’ मिळवावे आणि शेवटचा अंक मुद्दाम ताडून पाहावा. दाराचे काय केले आहे, ते ज्याने त्याने स्वतः पाहावे.

फुलवालीची भाषा

बर्नार्ड शॉचे ‘पिग्मॅलियन’ प्रथम 1913 साली व्हिएन्नात जर्मन भाषेत आणि 1914 साली लंडनला इंग्रजीत झाले. पु. लं.नी त्याची ‘ती फुलराणी’ केली. 1975 साली ती रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरांत पोहोचली. रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला एक भाषापंडित पैजेवर ‘शुद्ध’ बोलायला शिकवितो आणि बड्या लोकांच्या मेळाव्यात खपवून दाखवितो, एवढे सर्वांना माहीत असते.

पण रूपांतराची अडचण येथे खरी कळते. लंडनमध्ये बोलण्यावरून माणसाचा वर्ग ओळखतात. आपल्याकडे बोलण्यावरून जिल्हा, तालुका आणि बहुधा जातही ओळखतात! दिवा स्थानकाच्या फलाटावर दहा मिनिटे उभे राहिले तर आगरी, मालवणी, अहिराणी, देशावरची मराठी, आणि हिंदीचे दोन-तीन प्रकार सहज कानांवर पडतात. पनवेलकडचे, वसईकडचे आणि कोकणातले लोहमार्ग येथे मुख्य मार्गाला मिळतात, तशा बोलीही मिळतात. यांपैकी अशुद्ध कोणती? कानामात्रेची चूक ही चूक असू शकते, पण आजीची बोली ही चूक कशी असेल? ‘ती फुलराणी’ पाहताना मंजुळेच्या बोलण्यावर सभागृह हसते. आपण कशाला हसलो, हे घरी जाऊन स्वतःला विचारावे.

शॉचे नाटक पैज जिंकल्यावर संपत नाही, खरे म्हणजे ते तेथून सुरू होते. फुलवालीला आता उंची भाषा येते, पण पूर्वीसारखी फुले विकता येत नाहीत. आणि बड्या लोकांत राहण्याइतका पैसा तिच्यापाशी नाही. मला शिकविलेत, पण आता माझे पुढे काय, या तिच्या प्रश्नाला त्या विद्वानाकडे उत्तर नसते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या प्रत्येकाचा हा प्रश्न आहे. शिक्षणाने घरची भाषा तुटली आणि नवे घर मिळाले नाही, तर मधल्या जागेत माणसाने काय करावे? शॉचे उत्तर असे दिसते की मुलीने कोणाची निर्मिती म्हणून राहू नये, स्वतःच्या पायांवर उभे राहावे. नायकाशी तिचे लग्न लावून देण्याचा मोह रंगभूमीला पुन्हा पुन्हा झाला. शॉने मात्र तो निकराने नाकारला आणि तसे न होण्याची कारणे देणारा मोठा उपसंहार पुस्तकाला जोडला. तो जरूर वाचावा.

कादंबऱ्यांकडे

नाटक दोन-तीन बैठकींत संपते, कादंबरीला महिना लागतो. म्हणून कादंबऱ्या नंतर घ्याव्यात आणि आरंभी लहान घ्याव्यात. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (1886) शंभरेक पानांत आटोपते. नोकरी, बढती, चांगले घर, चारचौघांत मान, सारे काही व्यवस्थित मिळविलेला एक न्यायाधिकारी आजारी पडतो आणि आपण जगलो ते बरोबर होते काय, असा प्रश्न त्याला पडतो. पदवीनंतर नोकरी हेच ज्यांचे उद्दिष्ट आहे, अशा आपल्यासारख्यांनी ती नोकरी लागण्यापूर्वीच वाचावी.

बाल्झाकच्या ‘म्हातारा गोरिओ’मध्ये (1835) दोन मुलींवर सर्वस्व उधळून खाणावळीच्या खोलीत मरणारा बाप आहे. ‘नटसम्राट’ आवडलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’चा (1866) नायक हा पैशांअभावी विद्यापीठ सोडावे लागलेला विद्यार्थी आहे. त्याच्यासाठी आई पोटाला चिमटा घेते आणि बहीण मनाविरुद्ध लग्नाला उभी राहते. त्या आईचे पत्र हा माझ्या मते कादंबरीचा गाभा आहे. आपल्यासाठी दुसरे कोणी झिजत आहे, ही जाणीव माणसाला नम्र करू शकते आणि वेडेही करू शकते, हे दोस्तोयेव्हस्की दाखवितो.

शेवटी हार्डीची ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ (1895). ज्यूड हा खेड्यातला अनाथ मुलगा. पावाची गाडी हाकता हाकता तो लॅटिन शिकतो. पुढे पाथरवट होऊन विद्यापीठाच्या गावी जातो, तेथल्या इमारतींचे दगड घडवितो. पण आत त्याला प्रवेश नाही. तो विद्वानांना पत्रे लिहितो. एकाचेच उत्तर येते, आणि ते असे की आपला धंदा सांभाळावा, हेच शहाणपणाचे. हार्डी स्वतः गवंडीकाम करणाऱ्याचा मुलगा होता आणि विद्यापीठात गेलेला नव्हता. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे असेल, पण ते पत्र वाचताना ते एकशेतीस वर्षांपूर्वीचे आहे असे मला वाटले नाही. ज्यूडला जो दरवाजा बंद होता तो आपल्यासाठी उघडला आहे. तो उघडण्यासाठी फुले दांपत्यापासून कर्मवीर भाऊराव पाटलांपर्यंत कितीजणांनी आयुष्ये वेचली, हे त्या पत्रापाशी आठवते.

वाचावे कसे, मिळवावे कोठून

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना गाळू नयेत. इब्सेनच्या नाटकात खोलीत दारे किती आणि ती कोठे उघडतात, हे कळले तरच शेवटच्या दाराचा अर्थ लागतो. आधी मराठी अंक वाचावा, मग त्याच अंकाचे इंग्रजी रूप घ्यावे. कथा माहीत असल्यामुळे इंग्रजी अडत नाही, आणि दर शब्दाला शब्दकोश उघडावा लागत नाही.

रशियन कादंबऱ्यांतील नावांचा बाऊ पुष्कळजण करतात. वस्तुतः तो बाऊ मराठी माणसाने तरी करू नये. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हीच आपली पद्धत रशियनांची आहे! रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन, आडनाव रास्कोल्निकोव्ह. आणि घरी लाडाने त्याला रोद्या म्हणतात, जसे आपण ज्ञानेश्वरला माउल्या किंवा ज्ञानू म्हणतो. पहिल्या पानावर पात्रांची यादी करून ठेवली की काम भागते.

पुस्तकांच्या बाबतीत आपण दिवेकर दोन जुन्या ग्रंथालयांच्या मधोमध राहतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एका बाजूला 1893 साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, दुसऱ्या बाजूला 1864 सालचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय. जुनी मराठी रूपांतरे नव्या दुकानांत क्वचित मिळतात. ती शोधायची तर अशा ठिकाणीच. मूळ कृतींची जुनी इंग्रजी भाषांतरे स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे मोबाईलवरही फुकट वाचता येतात. तेव्हा पुस्तक मिळत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

सुरुवात कोणत्या क्रमाने करावी, असे कोणी विचारील तर मी असा क्रम सुचवीन: आधी ‘संशयकल्लोळ’ आणि मोलिएरचे प्रहसन, मग ‘अंमलदार’ आणि गोगोल, त्यानंतर ‘ती फुलराणी’ आणि शॉ, मग ‘घरकुल’ आणि इब्सेन, शेवटी ‘नटसम्राट’ आणि विंदांचा ‘राजा लिअर’. दर महिन्याला एक जोडी धरली तर पाच महिन्यांत दहा नाटके होतात. एका शैक्षणिक वर्षात हे सहज बसते, आणि मे महिन्याची सुट्टी कादंबऱ्यांसाठी शिल्लक राहते.

या वाचनाने परीक्षेत गुण वाढतील असे आश्वासन देता येणार नाही. पण कोणी आपल्यासमोर मोलिएरचे किंवा इब्सेनचे नाव मोठ्या ऐटीत उच्चारले, तर मान खाली घालायची पाळी येणार नाही. त्या माणसाला आपण शांतपणे विचारू शकू: त्यांची नाटके वाचलीत, ते छान झाले, पण देवलांची रेवती नायकिणीची मुलगी का, याचा कधी विचार केला आहे का?